तिथं बेलिफ असतोय का?

नोव्हेंबर २०२३. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि खिडकीबाहेर दिवेलागण झाली होती. इंग्लंडातल्या नोव्हेंबरात दुपार अशी नसतेच. बार्शीत रात्रीचे नऊ. अण्णा जेवून पडवीत बसलेले, आईनं मोबाइल त्यांच्यापुढं पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला अण्णांची हनुवटी आणि वरचा पंखा एवढंच दिसत होतं.

मी त्यांना स्ट्रासबर्गच्या कोर्टाबद्दल सांगत होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालय. शेहेचाळीस देश, प्रत्येक देशाचा एक न्यायाधीश, मुदत नऊ वर्षं, पुन्हा निवड नाही. त्या देशांमधला कुणीही साधा माणूस आपल्याच सरकारविरुद्ध तिथं जाऊ शकतो. आधी मात्र आपल्या देशातली सगळी कोर्टं चढून संपवायची आणि शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज टाकायचा.

"अर्ज कसा टाकायचा?"

"पोस्टानं."

अण्णा खूश झाले. "बघ. रजिस्टर पोस्ट अजून चालतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् निकाल लागल्यावर बजावायचा कुणी? तिथं बेलिफ असतोय का?"

मला उत्तर येईना. ज्या युरोपीय मानवी हक्क करारावर हे कोर्ट चालतं त्यातलं ते कलम अजून वर्गात शिकवलंच नव्हतं, आणि मी पुढचं वाचलेलं नव्हतं. बघून सांगते म्हटलं. पुढचं वर्षभर तेच बघत राहिले.

अण्णांनी हेच का विचारलं हे सांगायला हवं. माझे वडील एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होते. आधी सायकल, मग लुना, शेवटची काही वर्षं मोटारसायकल. समन्स बजावायचं, घेत नसेल तर पंचांसमक्ष दाराला डकवायचं, लिलावाची दवंडी द्यायची, जंगम जप्ती करायची, ताबा वॉरंट घेऊन शेतात जायचं. न्याय म्हणजे त्यांच्या लेखी न्यायाधीशांची खुर्ची नव्हे. न्याय म्हणजे भत्ता भरलेला कागद आणि तो ज्याला द्यायचा त्याचं घर. आमच्या घरी जेवताना 'बिनबजावणी परत' हा शब्द मीठ वाढ म्हणावं इतक्या सहज यायचा.

वैरागकडच्या एका विधवा बाईच्या दोन एकरांची गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे, की ते शेत मी पाहिलं असावं असंच मला वाटतं. तिच्या बाजूनं हुकूमनामा झाला, त्यावर अपील झालं, ते फेटाळलं गेलं, आणि मग तिनं दरखास्त टाकली, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागितली. अण्णा पहिल्यांदा वॉरंट घेऊन गेले, तर दिरांनी बांधावर बाज टाकून तिच्यावर नव्वदीचा म्हातारा झोपवून ठेवलेला. दुसऱ्या खेपेला पोलीस बंदोबस्त आलाच नाही. तिसऱ्यांदा ताबा मिळाला. ताबा पावतीवर अंगठा उठवला आणि ती बाई तिथंच खाली बसून हरळी उपटायला लागली. अण्णा, पंच, पोलीस सगळे उभे, आणि ही आपली हरळी उपटतेय. अण्णा गोष्ट इथंच थांबवतात, पुढं काही म्हणत नाहीत.

मी वकील झाले, पुण्यात शिकले आणि परत येऊन चार वर्षं तालुक्याला दिवाणीची कामं केली. हुकूमनामा हातात पडला की पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ सालीच हिंदुस्थानाबद्दल म्हणून ठेवलंय. आमच्या बाररूममध्ये हे वाक्य तारीख पडली की कुणी ना कुणी ऐकवायचंच. मग एकतिसाव्या वर्षी प्लॉट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं आणि मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक कायदा शिकायला इकडे आले. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. वर्गात अठरा जण होतो, चौदा देशांचे. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली, युरोप परिषद आणि युरोपीय संघ एकच समजलो. एक नाहीत. स्ट्रासबर्गचं कोर्ट युरोप परिषदेचं आहे. परिषद १९४९ची, करारावर सह्या रोममध्ये ४ नोव्हेंबर १९५० रोजी, कोर्ट १९५९पासून. ब्रसेल्सवाल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. एवढं पाठ करायला मला एक महिना लागला.

शिकण्याची पद्धत अशी: आठवड्याला पाचसहा निकाल वाचून यायचं आणि लांब टेबलाभोवती बसून भांडायचं. मी निकाल शेवटून वाचते. ही अण्णांची सवय, आधी आदेश बघायचा, कारणं मागाहून. युरोपातले निकाल असे शेवटून वाचले की पहिल्यांदा फसल्यासारखं होतं. ऐंशी पानं सिद्धांत, आणि शेवटी काय? 'कराराचा भंग झाला आहे', आणि इतके युरो भरपाई. कायदा रद्द नाही, अमुक अधिकाऱ्याला अमुक करायचा हुकूम बहुधा नाही. भंग कसा दुरुस्त करायचा ते सरकारनं ठरवायचं. शिवाय मुळातच काही बाबतींत सरकारांना मोकळीक द्यायची असं कोर्टानं १९७६च्या हँडीसाइड खटल्यापासून पक्कं केलेलं. ही मोकळीक अण्णांना समजावताना मी 'ढील' म्हणाले, पतंगाची. त्यांना लगेच कळलं. "मांजा कोर्टाच्या हातात आहे ना पण?" तेवढंच त्यांनी विचारलं. आमच्या सेमिनारला दोन तास लागले होते याच प्रश्नाशी यायला.

एका निकालानं मात्र मला आठवडाभर झोपू दिलं नाही. डी. एच. आणि इतर विरुद्ध झेक प्रजासत्ताक. ओस्त्रावा नावाच्या शहरातली अठरा रोमा मुलं. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवतात ती माणसं. १९९६ ते १९९९ या काळात या मुलांना 'विशेष' शाळांत घातलं गेलं, म्हणजे मतिमंद मुलांसाठी म्हणून काढलेल्या शाळांत. कायदा कुणाचीही जात विचारत नव्हता. एक बुद्धिमत्ता चाचणी व्हायची आणि पालकांची सही घ्यायची, बस्स. आणि शहरातलं चित्र असं: प्राथमिक शाळेतल्या एकूण मुलांत रोमा २.२६ टक्के, पण विशेष शाळांतल्या मुलांत ५६ टक्के. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतरांच्या सत्तावीस पट.

२००० साली अर्ज. २००६ साली सात न्यायाधीशांपुढे मुलं हरली. मग सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे १३ नोव्हेंबर २००७ला तेरा विरुद्ध चार अशी जिंकली. कुणी मुद्दाम भेदभाव केला हे सिद्ध करायची गरज नाही, परिणाम तसा होतोय हे आकड्यांवरून दिसलं की खुलासा सरकारनं करायचा, असं पीठानं सांगितलं. आणि सह्यांबद्दल सांगितलं की स्वतः शाळेची पायरी नीट न चढलेल्या आईबापांना काय पर्याय आहेत हे न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे, आणि भेदभाव होऊ न देण्याच्या हक्कावर तर सही करून पाणी सोडताच येत नाही.

हा परिच्छेद वाचताना मला कोर्टाच्या व्हरांड्यात शाईचा पॅड घेऊन उभे असलेले लोक आठवले. किती अंगठे मी स्वतः घेतलेत वकीलपत्रांवर, 'इथं लावा मावशी' म्हणत. सेमिनारमध्ये मी जातीबद्दल बोलले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी करारात 'वंशपरंपरा' असा शब्द आहे. त्यात जात येते असं त्या कराराची समिती म्हणते, २००२ साली तिनं तशी शिफारसच काढली, आणि येत नाही असं आपलं सरकार म्हणत आलंय. सांगून झाल्यावर टेबलावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका झेक मुलीनं हळूच सांगितलं, की तिच्या शाळेच्या मागच्या रस्त्याला तसली एक शाळा होती आणि तिनं लहानपणी कधी विचारलंच नव्हतं तिथं कोण जातं.

त्या निकालाचा आदेश: प्रत्येकी चार हजार युरो. निकाल लागला तेव्हा अठरांतलं सगळ्यात धाकटं पोर सोळा वर्षांचं झालं होतं. त्याची शाळेची वर्षं कुठून परत देणार?

फेब्रुवारीत आम्हाला स्ट्रासबर्गला नेलं. ट्रामच्या एका स्टॉपचं नावच 'मानवी हक्क' आहे, फ्रेंचमध्ये. ईल नदीच्या वळणावर ती इमारत, १९९५ची, रिचर्ड रॉजर्सनं आखलेली, दर्शनी बाजूला स्टीलचे दोन प्रचंड ढोल. साखर कारखान्यातल्या मळीच्या टाक्यांसारखे, हे मी बरोबरच्यांना सांगितलं नाही. फाटकासमोर एक म्हातारा गळ्यात पाटी अडकवून उभा होता. पाटी कुठल्या भाषेत होती तेही मला कळलं नाही. पण उभं राहण्याची ती तऱ्हा ओळखीची. आमच्या तहसीलसमोर तसंच उभं राहतात, एका पायावर भार टाकून.

आतल्या एका वकिलानं आम्हाला माहिती दिली. येणाऱ्या अर्जांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त दारातच नाकारले जातात. मुदत गेली, देशातले उपाय संपवले नाहीत, उघडच बिनबुडाचा, अशी कारणं. प्रश्न विचारा म्हणाला. मी अण्णांचा प्रश्न विचारला, जसाच्या तसा. तो हसला आणि खिडकीतून पलीकडं बोट दाखवलं. पलीकडं युरोप परिषदेची मुख्य इमारत. तिथं मंत्री समिती बसते, म्हणजे मंत्र्यांच्या वतीनं त्यांचे राजदूत. कराराच्या सेहेचाळिसाव्या कलमानुसार निकालाची अंमलबजावणी ती बघते. वर्षातून चार बैठका खास या कामासाठी. सरकारनं आराखडा द्यायचा, मग अहवाल द्यायचा, समितीचं समाधान झालं की फाइल बंद.

म्हणजे प्रतिवादींचेच भाऊबंद बेलिफ. हे मी संध्याकाळी अण्णांना कळवलं तेव्हा त्यांनी खोकल्यासारखा एक आवाज काढला. आमच्या घरात तो आवाज म्हणजे पुष्कळ काही.

उदाहरण म्हणून सेजदिच आणि फिन्सी हा बोस्नियाचा खटला घ्या. १९९५च्या डेटन तहात लढाई थांबवताना जी राज्यघटना ठरली तिच्यात राष्ट्राध्यक्षमंडळाच्या तीन जागा बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यासाठीच. सेजदिच रोमा, फिन्सी ज्यू. दोघांनाही उभं राहता येत नाही. डिसेंबर २००९मध्ये ते जिंकले. आजपर्यंत दोघांनाही उभं राहता येत नाही. तुर्कस्तानात तुरुंगात टाकलेले कार्यकर्ते उस्मान कवाला यांना सोडा असं कोर्टानं २०१९मध्ये सांगितलं, सोडलं नाही म्हणून समितीनं पुन्हा कोर्टाकडं पाठवलं, २०२२मध्ये कोर्टानं पुन्हा ठपका ठेवला, ते तुरुंगातच. बांधावर बाज टाकून म्हातारा झोपवायची युक्ती फक्त वैरागच्या लोकांना सुचते असं नाही.

पण मी त्या इमारतीतून अगदी निराश होऊन बाहेर पडले असंही नाही. फाइल बंद होत नाही, ही गोष्टही मला नवी होती. दर तीन महिन्यांनी कुठल्या तरी देशाच्या राजदूताला उठून सांगावं लागतं की आम्ही अजून का केलं नाही. आपल्याकडं दरखास्त धूळ खात पडली तर विचारणारं कोण असतं?

अमेरिका खंडाची पद्धत मला जास्त भावली. तिथलं कोर्ट कोस्टा रिकात, सान होसे इथं, १९७९पासून, न्यायाधीश सातच. ते भरपाईच्या पैशावर थांबत नाही. कायदा बदला, माणसं शोधा, जाहीर माफी मागा, जमिनीची मोजणी करून द्या असं सविस्तर लिहितं. आणि अंमलबजावणी स्वतःच बघतं, पक्षकारांना पुन्हा बोलावून सुनावण्या घेतं. आवास तिंग्नी नावाच्या आदिवासी गावाचा निकाल त्यांनी ऑगस्ट २००१मध्ये दिला. निकाराग्वा सरकारनं त्यांच्या जंगलात लाकूडतोडीचा परवाना एका कंपनीला दिला होता. लोकांकडे सातबारा नाही म्हणून जमीन त्यांची नाही असं होत नाही, वहिवाट हीच मालकी, अशा अर्थाचं कोर्टानं म्हटलं. आमच्या वर्गातल्या कोलंबियाच्या मुलानं हा निकाल मांडला तेव्हा तो उभा राहूनच बोलत होता. जमिनीचा कागद हातात पडायला मात्र डिसेंबर २००८ उजाडला.

"सात वर्षं," अण्णा म्हणाले. "पण मोजणीसकट ना? मंग बरं आहे."

आफ्रिकेचं कोर्ट टांझानियात, अरुशाला. तिथं व्यक्तीनं थेट जायचं असेल तर तिच्या सरकारनं तशी वेगळी घोषणा केलेली असावी लागते. अशी घोषणा केलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही रवांडानं २०१६मध्ये ती काढून घेतली, २०१९मध्ये खुद्द टांझानियानं, दुसऱ्या वर्षी बेनिन आणि आयव्हरी कोस्टनं. ज्याच्या अंगणात कोर्ट, त्यानंच आपल्या माणसांना दार लावलं. केनियाची माझी मैत्रीण हे सांगताना चिडायची नाही, हसायची. तिला एंडोरोइस लोकांबद्दल विचारलं की मात्र हसू जायचं. बोगोरिया तळ्याकाठून अभयारण्यासाठी हुसकलेली ही माणसं. २०१०मध्ये आफ्रिकी आयोगाचा निर्णय त्यांच्या बाजूनं जाहीर झाला, पण तळ्याकाठची जमीन काही त्यांना परत मिळालेली नाही.

आफ्रिकेच्या मानवी हक्क सनदेतलं एक कलम मी अण्णांना मुद्दाम वाचून दाखवलं. त्या सनदेत हक्कांबरोबर कर्तव्यंही आहेत, आणि एकोणतिसाव्या कलमात आईवडिलांचा नेहमी मान राखावा आणि गरज पडल्यास त्यांना सांभाळावं असं चक्क लिहिलंय. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं, मग आईला हाक मारून तिसऱ्यांदा. "ह्याची बजावणी आम्ही करू," आई म्हणाली. "जेवलीस का?"

आशियाच्या आठवड्याला प्राध्यापकांनी फळ्यावर नकाशा लावला आणि आमच्याकडं बघत राहिले. करार नाही, कोर्ट नाही. आग्नेय आशियानं २००९मध्ये एक आयोग काढला, तो तक्रारी ऐकत नाही. सार्ककडे तेवढंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ साली आला, पण वैयक्तिक तक्रारीचा जो जोडकरार आहे त्यात नाही. म्हणजे बार्शीचा माणूस जिनिव्हाच्या समितीकडं जाऊ शकत नाही. छळविरोधी करारावर १९९७मध्ये सही केली, मान्यता अजून दिलेली नाही. आपल्या भाषेत याला 'दाद ना फिर्याद' म्हणतात. हे मी भाषांतर करून सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्याच तासाला वाचायला एक भारतीय निकाल होता आणि तो मी मांडावा असं ठरलं. ओल्गा टेलिस, १९८५, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा. पाच न्यायाधीश, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे वाक्य या निकालामुळे जगभरच्या अभ्यासक्रमांत गेलं. मी ते शेवटून वाचलं. आदेश असा, की पावसाळा संपल्यावर, ३१ ऑक्टोबरनंतर, झोपड्या काढायला हरकत नाही. सिद्धांत जिंकला आणि माणसं हरली. निकालात अर्जदारांची थोडी हकिकत आहे. त्यांतला एक १९६९ साली संगमनेरहून आलेला, गावाकडं जोडे शिवून दिवसाला सातआठ रुपये मिळवायचा, घर पडलं म्हणून मुंबईला आला, साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी तिथल्या गुंडाला तीनशे रुपये दिले. कायद्याच्या वर्गात चौदा देशांच्या लोकांपुढं 'संगमनेर' हा शब्द उच्चारताना माझा आवाज का हलला, मला नाही सांगता येत.

एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या आजीबाईंनी हवामानबदलाचा खटला स्ट्रासबर्गला जिंकला आणि वर्गातल्या निम्म्या लोकांनी प्रबंधाचे विषय बदलले. माझ्या मार्गदर्शक बाईंनीही सुचवून पाहिलं. मी माझाच विषय ठेवला: निकालानंतर काय होतं. ओस्त्रावाची फाइल त्यातलं मोठं प्रकरण. अर्पणपत्रिकेत लिहिलं, 'माझ्या वडिलांना, सेवानिवृत्त बेलिफ.' इंग्लंडातही बेलिफ असतात आणि लोक त्यांना फारसं प्रेमानं बघत नाहीत, हे बाईंनी मला हळुवारपणे सांगितलं. आमच्याकडंही नाही बघत, म्हटलं.

ऑक्टोबरात परत आले. बांधलेला प्रबंध अण्णांच्या हातात दिला. त्यांनी आधी शिवण तपासली, मग पानं मोजली, मग शेवटचं पान उघडलं. इंग्रजी अडखळत वाचतात, पण आकडे आणि तारखा झरझर वाचतात.

"त्या पोरांचं काय झालं गं, अठरा?"

मी सांगितलं. विशेष शाळांचं नाव बदलून 'व्यावहारिक' शाळा केलं. मुलं तीच राहिली. मग २०१६पासून तो वेगळा अभ्यासक्रमच बंद केला. तरी रोमा मुलांच्या वेगळ्या शाळा, वेगळे वर्ग पुरते गेलेले नाहीत. मी लिहीत होते तेव्हाही मंत्री समितीपुढं फाइल उघडीच होती.

"म्हणजे दरखास्त चालू आहे."

"हो."

अण्णांनी प्रबंध कपाटात ठेवला, वरच्या फळीवर, जिथं त्यांच्या जुन्या डायऱ्या आहेत बजावणीच्या. मग चप्पल घालून मोटार बंद करायला गेले, टाकी भरून वाहत होती.